‘तुझोच आसा’ म्हणजे कोणाचा?

आधी तोंडातला चहा गिळून घ्या. हा किस्सा ऐकताना शर्टावर चहा सांडलात तर नुकसानभरपाई माझ्याकडून मिळणार नाही. हे मी वकील म्हणून सांगते आहे. आणि वकील म्हणूनच मी जी भर खळ्यात, भर वाडीसमोर फजिती करून घेतली, तिचीच ही हकिकत.

तरी एक गोष्ट आधीच बजावून ठेवते. खटला मी जिंकले होते. दणदणीत जिंकले होते! हे शेवटपर्यंत विसरू नका, कारण शेवटाला मीच ते विसरेन अशी वेळ येणार आहे.

कायदा शिकायला मी पार बेंगळुरूला गेले होते. माझ्या वर्गातली मुलं काचेच्या इमारतींत नोकरीला लागली आणि मी मात्र निरोपाच्या समारंभात उभी राहून जाहीर केलं, "मी गावी जाणार! माझ्या माणसांना त्यांचे हक्क समजावून सांगणार!" काय टाळ्या वाजल्या म्हणून सांगू! टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकही माझ्याबरोबर आला नाही, ती गोष्ट वेगळी.

तर आले गावी. मालवणच्या आतल्या अंगाला, कट्ट्याच्या बाजारापासून जवळ आमची वाडी. कट्ट्याला एसटीच्या थांब्याशेजारी एका ओळखीच्या दुकानाच्या पडवीत मी टेबल-खुर्ची मांडली आणि बोर्ड लावला: ‘मोफत कायदा सल्ला’. टेबल, खुर्ची, बोर्ड सगळं आईने घरातून काढून दिलं. माझा कोर्टाचा काळा कोट मात्र आमच्या पावसाळ्याने खाल्ला होता. इतकी बुरशी चढली होती की काळ्याचा पांढरा झाला होता. तो घातला असता तर लोक ताप दाखवायला आले असते. आईने ट्रंकेतून दुसरा कोट काढला. खांद्यात सैल, बाह्या लांब, डांबरगोळ्यांचा वास, पण काळा! खिशात हात घातला तर पिवळे तांदूळ निघाले. अक्षता! मी म्हटलं, वा, शुभशकुन!

शुभशकुनाचा पहिला अशील लगेच आला. मी सरसावून बसले.

"वकीलबाय, मालवणची गाडी गेली?"

गिऱ्हाइकं रोज येत. सगळ्यांना गाडीच हवी असे. एक बाई तर टेबलावर पिशवी ठेवून "वायच नजर ठेव गो" म्हणाल्या आणि बाजाराला गेल्या. मी मनात उसळले. ताबा माझ्याकडे, मालकी त्यांच्याकडे! कायद्याचा केवढा मूलभूत फरक माझ्या टेबलावर येऊन बसला होता! फरकाला सुक्या बांगड्यांचा वास येत होता, एवढंच.

अशातच एका शनिवारी घरी आले तर आई मागल्या दारी बसून डोळे पुसत होती.

"काय झालां गे?"

"काय नाय. कांदो कापलंय."

समोर कांदा नव्हता. कापायला काही नव्हतंच. मग खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, साच्याची गोष्ट होती.

शिरवाळे तुम्ही खाल्लेत? नाही? मग तुमचा जन्म अजून थोडा बाकी आहे. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे गरमागरम साच्यात घालायचे, वरून दांडा दाबायचा, खाली पांढऱ्याशुभ्र शेवया उतरतात. मग त्या गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवायच्या. आता हा साचा म्हणजे काही हातात मावणारी वस्तू नव्हे. आमचा तर फणसाच्या लाकडाचा, दोन माणसांनी उचलायचा. आईच्या माहेरी दारातला फणस वादळात पडला, तेव्हा तिच्या वडिलांनी त्याच्याच लाकडाचा करून घेऊन तिला लग्नात दिला होता.

मी शाळेत असताना शेजारच्या माईने तो मागून नेला. तो तिच्याकडेच राहिला. आणि आता माईची लेक सुलू, जी शिरोड्याला पर्यटकांना राहायला खोल्या देते, तिला तो हवा होता. पर्यटक शिरवाळे खाणार, साच्याबरोबर फोटो काढणार! उद्या सकाळी तिची गाडी येणार होती.

"मग तू नाही म्हटलंस ना?"

"कसां म्हणू? माई दारात इली, म्हणाली सुलूक साचो व्हयो आसा. मी म्हटलंय, घेवन जा गे, तुझोच आसा."

"आई!"

"मगे काय म्हणू? शेजारीण ती!" आणि पुन्हा पदर डोळ्यांना. "एकदा शिरोड्याक गेलो की परत खंयचो येता तो."

मी उठून उभी राहिले. कोट अंगातच होता. एक सांगते, कायदा मला मालवणीत बोलता येत नाही. कलम तोंडात आलं की आपोआप पुस्तकी मराठी सुरू होते. "आई! ताबा म्हणजे वस्तू कोणाच्या हातात आहे. मालकी म्हणजे वस्तू कोणाची आहे. माईकडे ताबा असेल, मालकी तुझीच आहे! तळ्यात चंद्र दिसला म्हणून चंद्र तळ्याचा होतो का?"

"चंद्राचां माका ठावक नाय. पण भांडान नको हां."

"भांडण नाही. न्यायनिवाडा!"

"तो तर मुळीच नको," आई म्हणाली. तिचा चेहरा एकदम पडला. मला वाटलं, बिचारी अजून आपल्या हक्कांना घाबरते. काय ही शतकांची दडपणूक! मी जास्तच पेटले.

रविवारी सकाळी आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सगळी वाडी जमवली. आबांना मध्ये बसवलं. आबा आमच्या देवळात गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालतात. ते एकेक मागणं मोठ्याने बोलतात आणि जमलेले लोक ‘होय म्हाराजा’ म्हणतात. आबांनी नारळ ठेवला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या खळ्यात तुझी लेकरां जमली आसत, तो जो काय साच्याचो इषय आसा, तो बरेपणान सोडव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्या चेडवाच्या टेबलार गाडी इचारणाऱ्या बगर एक तरी गिराईक धाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हा जरा जास्तच जोरात आला.

मी कोटाच्या बाह्या सारख्या केल्या. समोर माई, कमरेवर हात. तिच्या पडवीत साचा गोणपाटात बांधून तयार. आई तुळशीकडे तोंड करून उभी. बाबा पडवीतल्या आरामखुर्चीत, तोंडावर पेपर. रविवारी ते असेच असतात.

"माई, हा साचा तुझ्याकडे आला कसा?"

"कसो म्हणजे? मागान हाडलंय. तुझो बापूस नि माझो घोव उचलून घेवन इले."

मी गर्रकन वळले. बाही डोळ्यांवर आली, ती सावरली. "ऐकलंत? मागून आणला! विकत घेतला नाही, वारशाने आला नाही. मागून आणला! मागून आणलेल्या वस्तूचा ताबा मिळतो, मालकी मिळत नाही!"

"होय म्हाराजा!"

अहो, मी थक्क! पाच वर्षं कॉलेजात एकाही प्राध्यापकाने मला असं होय म्हटलं नव्हतं!

मागून कोणीतरी म्हणालं, "बारा वर्सां झाली की ज्येच्याकडे आसा तेचीच होता म्हणतत मां?"

"मालकाच्या परवानगीने ठेवलेली वस्तू बारा काय, शंभर वर्षं ठेवा! ठेवणाऱ्याची होत नाही!"

"होय म्हाराजा!"

माईने पदर खोचला. "तां खरां गो बाय. पण तुझ्या आवशीन काल सांगल्यान माका, घेवन जा, तुझोच आसा. तोंडान सांगल्यान. इचार तिका."

"होय म्हाराजा!" लोक म्हणाले.

मी उगाच बाह्या सारख्या करत राहिले. कारण, तुम्हाला म्हणून सांगते, हा मुद्दा पक्का होता. घर-जमीन द्यायची तर कागद लागतो. पण भांडं, खुर्ची, साचा अशी उचलून नेण्यासारखी वस्तू? ‘घे, तुझी’ म्हटलं आणि वस्तू समोरच्याच्या हातात गेली की दान पुरं! आणि साचा तर आधीपासूनच माईच्या हातात होता. त्यात वाडीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. सुलूची गाडी आली.

मी आईकडे पाहिलं. ती त्या गोणपाटाच्या गाठोड्याकडे बघत होती. लेक सासरी निघाल्यावर बघतात ना, तशी.

आणि त्या क्षणी, काय सांगू, डोक्यात वीज चमकली!

"आबा! तुमच्याकडे मागे पुण्याचे पाहुणे आले होते. निघताना तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"काय म्हणतलंय? येत रवा, घर तुमचांच आसा."

"मग त्यांनी घर नेलं?"

खळं हसलं.

"माई! तुझे व्याही आले तेव्हा शहाळी कोणी दिली? काय म्हणालीस?"

"म्हटलंय, लाजा नको, माड तुमचेच आसत."

"मग यंदा माडांचे नारळ कोणी काढले? व्याह्यांनी?"

"तेंची काय हिंमत!"

"बघा!" मी दोन्ही हात वर केले; हात बाह्यांत गडप झाले, पण आवाज नाही! "‘तुझोच आसा’ हे दान नाही, ही आपली रीत आहे! म्हणायचं म्हणून म्हणतात! देणाऱ्याच्या मनात द्यायचं नसेल तर नुसत्या शब्दांनी मालकी जात नाही! ज्याने ‘तुझोच आसा’ म्हटलं, वस्तू त्याचीच!"

"होय म्हाराजा!!!"

असा गजर झाला की बाबांच्या तोंडावरचा पेपर उडाला. माईने खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "बरां. पटलां. साचो तिचो."

दोघांनी साचा उचलून आणला आणि आईसमोर ठेवला. आईने गोणपाट सोडलं, दांड्यावरून हात फिरवला. "बाबान दिलेलो माझ्या," एवढंच म्हणाली, कोणालाही नाही, साच्यालाच.

जिंकले! आयुष्यातला पहिला खटला!

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण जिंकलेला वकील आणि भरती आलेला समुद्र, थांबतो कधी?

"वकीलबाय," माई गोड आवाजात म्हणाली, "ह्यो कायदो नुसतो साच्याक, की सगळ्यांक?"

"कायदा सगळ्यांना समान!"

"मागान हाडलेलां परत देवचां?"

"मालक मागेल तेव्हा!"

"आणि ‘तुझांच आसा’ म्हटलेलां?"

"आत्ताच सांगितलं ना, ते म्हणायला म्हणतात!"

"बरां तर," माई म्हणाली आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरली.

बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर आमचा भाताचा टोप होता. आमचा? आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ना? टोपावर माईच्या सासूचं नाव होतं. माईच्या मागोमाग बाकीच्या बायका आत घुसल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आमच्या फळीवर अख्ख्या वाडीची नावं नांदत होती. फक्त आमचं नव्हतं.

"कळशी माझी!"

"मिक्सर तुमचो, पण तेचां भांडां आमचां!"

"शिडी खंय आसा? होळयेक न्हेलास ती!"

"अगो, पण तूच म्हणालीस ना, तुझीच आसा!" आई रडकुंडीला.

"म्हणूक म्हणतत गे! इचार तुझ्या चेडवाक!"

आबा उठले आणि बाबांसमोर जाऊन उभे राहिले. "उठ रे."

"कित्या?"

"खुर्ची माझी."

"अरे, तुझ्याच तोंडान म्हणालंस, बस रे, तुझीच आसा!"

"निकाल लागलो आत्ता. होय म्हाराजा तूय म्हणालंस. मी ऐकलंय."

बाबा उठले. जमिनीवर बसले. पेपर उघडला.

"पेपरय माझो," आबा म्हणाले.

मला वाटलं, निदान माझं कार्यालय तरी वाचेल. कुठलं काय! टेबल कोणाच्या तरी शिलाई मशीनचं निघालं, वरची मशीन काढलेलं. खुर्ची भजनी मंडळाची. आणि मासे विकणारी काशीमावशी म्हणाली, "तो बोर्ड तेवडो उद्या हाडून दी. मागल्या अंगाक बघ." नंतर पाहिलं. मागे लिहिलं होतं: ‘ताजी मासळी मिळेल’.

मीही मग ओरडले, "आई, सांग ना! आपली कोणती वस्तू कोणाकडे आहे? आपणही आणू! कायदा समान आहे!"

आई साच्याला टेकून बसली होती. हळूच म्हणाली, "आमची भायर गेलेली वस्तू एकच व्हती गो. हो साचो. म्हणान तर न्यायनिवाडो नको म्हटलंय."

घ्या! फिर्यादीची वकील मी, कायदा माझा, आणि जप्ती आमच्याच घरावर!

खळं रिकामं झालं. घर त्याहून रिकामं. सुलू तेवढी गाडीला टेकून हसत उभी होती. मी पायरीवर बसले, कोटाच्या बाह्यांनी घाम पुसत. वाटलं, आता आई मला फाडून खाणार. कच्चीच खाणार, कारण शिजवायला भांडं नव्हतं.

पण आई उठली. तिने पदर खोचला. तिचा चेहरा असा काही उजळला होता की मी पाहतच राहिले. "शिरवाळे करूया," ती म्हणाली.

"कशात?"

त्याचं उत्तर गडग्यापलीकडून आलं. दगडी बांधावरून माई वाकली होती आणि तिच्या हातात तोच टोप होता. "घी. मालकी माझी, ताबो तुझो. सांजेक परत व्हयो."

झालं! वाडीला खेळच मिळाला. जी भांडी गेली ती एकेक करून परत आली, प्रत्येकीच्या तोंडी नवं वाक्य. "कळशी घी गे, नुसतो ताबो हां!" "ह्यां मिक्सराचां भांडां, मालकी इसरा नको!" आबांनी खुर्ची आणून ठेवली. "बस रे. आजच्यापुरतो ताबो दितंय." बाबा बसले. पेपर मात्र आबांनी स्वतःच वाचला. आता मला सांगा, बेंगळुरूत काय, दिल्लीत काय, एका सकाळीत एवढ्या लोकांना ताबा आणि मालकी यांतला फरक कोणी शिकवला असेल?

पिठाचे गोळे उकडले. सुलूच दांड्यावर लोंबकळली आणि चकतीतून शिरवाळे उतरले, पांढरे, वाफाळते. सगळी वाडी पंगतीला. सुलूने रस भुरकला, बोटं चाटली आणि म्हणाली, "मावशे, काय चव गे! आता सांग, एकदा तरी न्हेव साचो शिरोड्याक?"

आईने तोंड उघडलं. "न्हे गे, तुझो..."

वाडीचा घास हातातच राहिला. 

"...नाय," आई म्हणाली. "माझो आसा तो. पण तुझे पाव्हणे इले की सांग. मी तेका घेवन येतंय, शिरवाळे घालतंय आणि परत घेवन येतंय."

"होय म्हाराजा!" सगळ्यात आधी माई ओरडली.

मला भरून आलं हो. हे ऐकायलाच तर मी परत आले होते! उठले. तोंडात घास, अंगात कोट, डोळ्यांत पाणी, अशी उभी राहून मी भाषण ठोकलं. हक्क म्हणजे भांडण नव्हे! आपलं ते आपलं म्हणायला लाजायचं नाही! आज ह्या खळ्यात कायदा जिंकला! कडाकड टाळ्या. आणि ह्या टाळ्या वाजवणारे सगळेच्या सगळे माझ्याबरोबर होते!

टाळ्या ओसरल्यावर माई जवळ आली. माझ्या गालाला हात लावला.

"भाषाण झ्याक झालां हां बाय. आता तो कोट काढ."

"कोट?"

"आमच्या दिगूच्या लग्नातलो आसा. उद्या तेका बांद्याक लग्नाक जावचां आसा."

खिशातल्या अक्षता मला आठवल्या. शुभशकुन!

"पण... पण आईने तो आपल्या ट्रंकेतून काढला!"

"तिकाच दिलेलंय मी ठेवूक. म्हटलंलंय, चेडू वकील होतली, ठेव गे, तुझोच आसा." माई गालातल्या गालात हसली. "पण तां काय, म्हणूक म्हणतत."

मी मदतीसाठी पंगतीकडे पाहिलं.

"होय म्हाराजा!"

अपील कुठे करणार? मी कोट काढला, घडी घातली, अक्षतांसकट मालकाच्या आईच्या स्वाधीन केला. मग आईजवळ सरकले आणि तिच्या कानात विचारलं, "आई, अंगातला हा कुर्ता तरी माझाच आहे ना?"

 आईने नुसतं माईकडे पाहिलं.